चार इंच

शब्दाला दोन रुपये, या दरानं
ती पत्रं माझ्याकडे आली, पणजीत, पावसाळा सरताना.
एकूण एकतीस. लिहिणारे दोघे:
एक ऑल्डक्रॉफ्ट, ग्रिनिचच्या बाजूचा, समुद्राचं गणित मांडणारा,
दुसरा पाद्री पेनहॅलो, कॉर्नवॉलचा,
ज्याला चर्चपेक्षा धक्क्यावर जास्त करमत असावं.
दोघांची भेट कधी झाली नाही.
प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र दोघेही
एकमेकांचे अत्यंत नम्र, आज्ञाधारक सेवक.

भांडण चार इंचांचं.
चिखलीला, पोर्तुगीजांच्या हद्दीत, परवानगीनं रोवलेली
इंग्रजांची मोजपट्टी.
१८७९, सप्टेंबर. भांगाची भरती.
पाणी जेवढं चढायला हवं
त्याहून चार इंच वर चढलं, एकाच पहाटे,
आणि पुन्हा कधीच नाही.

ऑल्डक्रॉफ्ट म्हणतो, वारा.
पेनहॅलो म्हणतो, माय डियर सर, वाऱ्याला पुरावा?
मग हवेचा दाब येतो. मग खाडीच्या तळाचा उतार,
मग दूर कुठे समुद्राखाली झालेला भूकंप
(इथे दोन पानं आकृत्या, त्यांचे पैसे मिळत नाहीत).
आगबोट मुंबईहून निघते, सुएझमधून जाते,
उत्तर यायला ऋतू बदलतो.
इकडे जुवारी दिवसातून दोनदा
येते नि जाते, कुणाच्याही उत्तरासाठी न थांबता.

चार वर्षांत फक्त एकदा, सतराव्या पत्रात:
'तिथला नेटिव्ह कारकून विश्वासू आहे, असं कळतं.'
बस्स. नाव नाही.

नाव नोंदवहीत आहे, पत्रांसोबत आलेल्या फोटोंत.
उपेंद्र शेणवी धुमे, पगार अकरा रुपये.
आकडे इंग्रजी, वळणदार, काजळासारखे काळे.
आणि त्या पहाटेच्या आकड्याशेजारी, समासात,
मोडीची एक बारीक ओळ.
ती तिकडे कुणी वाचली नसणार,
शाईचा डाग समजून पुढे गेले असतील.

वैजीण पाठीवर घेऊन आलो. पाणी अंगावर मापिलें.

सात शब्द. मी चष्मा पुसला.
तिथी वद्य सप्तमी.
साताची पाऊणपट सव्वापाच,
हे चिखलीत शेंबड्या पोरालाही येतं,
म्हणजे भरतीची वेळ त्यानं बोटांवर काढली.
आणि उंची?
होडी अलीकडेच रुतली असेल.
म्हातारीला पाठीवर घेऊन तो उतरला असेल काळोखात,
घरातून कण्हण्याचा आवाज येत असेल, किंवा येत नसेल,
आणि तरीही, काय माणूस,
पाणी कुठवर लागलं ते त्यानं लक्षात ठेवलं,
कमरेच्या करगोट्यापासून किती बोटं वर.

फक्त एक विसरला.
त्या गावाचं नावच चिखली.
पाठीवर एक बाई असली
की माणूस चार इंच जास्त रुततो.

पेनहॅलो १८८३ साली गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात
वारा नाही, दाब नाही. एवढंच:
'त्या चार इंचांचा आता मला लळा लागला आहे.
कारण सापडलं तर, सर, कृपया कळवू नका.'

मी कळवलं नाही.
भाषांतर पाठवलं, बिल लावलं,
मोडीचे सात शब्द मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवसाचं पान मात्र अजून उघडून बघते.
मुलगा की मुलगी, जगलं की नाही,
काही नाही.
सकाळची नोंद वेळेवर आहे.
अक्षर नेहमीचंच.